पाण्याविना शिजणारी भाजी

भेंडीच्या भाजीवरून दोन पक्ष पडलेले नाहीत असे मराठी घर सापडणे कठीण. एका पक्षाला ती इतकी प्रिय, की डब्यात आठवड्यातून तीनदा भेंडी निघाली तरी तक्रार नसते. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे ठरलेले असते : "बुळबुळीत आहे, मला नको." या पक्षात मुले बहुसंख्य असतात, पण बाप माणसेही कमी नसतात. तामिळनाडूतल्या आयांनी यावर एक नामी उपाय शोधून काढला आहे. भेंडी खाल्ली की गणित चांगले येते, असे त्या मुलांना सांगतात. आपल्याकडे एवढे धाडस कुणी केले नसले, तरी "डोके चालते हो भेंडीने" हे वाक्य बहुतेकांनी लहानपणी ऐकलेले असेल.

खरे पाहिले तर ही तक्रार भेंडीविरुद्ध नसतेच, ती शिजवण्याच्या पद्धतीविरुद्ध असते. ओली भेंडी चिरली, कढईत टाकून वर झाकण ठेवले, करपू नये म्हणून पाण्याचा हबका मारला, की तारा सुटल्याच म्हणून समजावे. मग कितीही मसाला घाला, ती भाजी काही सुधारत नाही.

बीड जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतून भेंडी ज्या रीतीने केली जाते, तिच्यात हा प्रश्नच येत नाही. तापलेला लोखंडी तवा, जरा सढळ हाताने तेल, ठेचलेला लसूण, काळा मसाला, दाण्याचा कूट आणि शेवटी चिंचेचा दाट कोळ. पाण्याचा हबका नाही, झाकण नाही. दुष्काळ ज्याच्या पाचवीला पुजलेला, त्या जिल्ह्यात पाण्याविना शिजणारी ही भाजी घरोघर व्हावी, यात योगायोग किती आणि शहाणपण किती, हे पाहण्यासारखे आहे.

कापसाची धाकटी बहीण

भेंडीचे फूल कधी निरखून पाहिले आहे का? फिकट पिवळ्या पाकळ्या आणि तळाशी गडद जांभळट डोळा. गावरान कापसाचे फूल शेजारी धरले तर दोघी सख्ख्या बहिणी वाटाव्यात. वनस्पतिशास्त्रज्ञ तेच सांगतात. कापूस, अंबाडी, जास्वंद आणि भेंडी ही एकाच कुळातली मंडळी आहेत. गेवराई, माजलगावकडच्या काळ्या रानात कापूस पिकतो, त्याच रानात बायका पूर्वापार भेंडी, गवार, चवळी यांचे चार-चार दाणे टोचत आल्या. त्यासाठी वेगळा वाफा नको, वेगळे पाणी नको. मृगाचा पाऊस पडला, पेरणी झाली, की बांधाच्या कडेला हे घरचे बियाणे जायचे. दीड-दोन महिन्यांत, म्हणजे श्रावणाच्या आगेमागे, ओच्यात मावेल इतकी भाजी रोज घरी यायची. तिच्यासाठी बाजारात पैसा मोजावा लागत नसे.

या नात्याची एक अडचणही आहे. कापसाच्या बोंडात शिरणारी अळी भेंडीच्या शेंगेतही सुखाने राहते. २०१७ साली महाराष्ट्रात गुलाबी बोंडअळीने कापसाचे अतोनात नुकसान केले. कापसाजवळ भेंडी लावू नका, अळीला ते दुसरे घर मिळते, असे कृषितज्ज्ञ सांगतात. सल्ला बरोबरच आहे. त्यात सोयाबीन वाढले, तणनाशकांची फवारणी आली, आणि ओळीतली मिश्र भाजी तिच्यात टिकेना. अशा कारणांनी बांधावरची फुकटची भेंडी कमी होत गेली आणि खेड्यातली बाईही आठवडी बाजारात भेंडीचा भाव विचारू लागली.

भेंडीचे मूळ घर आफ्रिकेत असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. इंग्रजीतला 'ओक्रा' हा शब्द पश्चिम आफ्रिकेतल्या इग्बो भाषेतून आला. अमेरिकेच्या दक्षिण भागात 'गम्बो' नावाचा जो प्रसिद्ध रस्सा करतात, त्याचे नाव आफ्रिकेतल्या बांटू भाषांमधल्या भेंडीच्या नावावरून पडले. गुलाम म्हणून जहाजांत कोंबून नेलेल्या माणसांबरोबर ही भाजी समुद्रापार गेली. इजिप्तपासून तुर्कस्तानपर्यंत तिला 'बामिया' म्हणतात. आणि आज जगात जेवढी भेंडी पिकते, तिच्यापैकी निम्म्याहून अधिक एकट्या भारतात पिकते.

गंमत अशी, की ज्या चिकटपणाला आपण नाके मुरडतो तोच पश्चिम आफ्रिकेत भेंडीचा गुण समजला जातो. तिथे भेंडी बारीक चिरून मुद्दाम पाण्यात शिजवतात. रस्सा दाट व्हावा, घासाबरोबर त्याची तार निघावी, हीच अपेक्षा असते. जपानी माणसेही हा चिकटपणा आवडीने खातात. म्हणजे तार हा दोष की गुण, हे शेवटी ताटात काय हवे त्यावर ठरते. आपल्याला भाकरीच्या तुकड्यात धरता येईल अशी मोकळी, खमंग भाजी हवी असते. तेव्हा तार आवरायची कशी, हे आपल्याला शिकावे लागले.

तार सुटते म्हणजे काय होते?

भेंडीच्या शेंगेत शंभरातले जवळजवळ नव्वद भाग पाणीच असते. अर्धा किलो भेंडी आणली तर साडेचारशे ग्रॅमच्या आसपास पाणी आपण पिशवीतून घरी आणतो. उरलेल्या भागात एक डिंकासारखा पदार्थ असतो. साखरेच्या रेणूंच्या लांबच लांब साखळ्या एकमेकींत गुंतून तो तयार होतो. शेंग अखंड असते तोवर तो आत आपल्या जागी गप्प असतो. सुरी लागली की तो मोकळा होतो, आणि त्याला पाणी भेटले की फुगतो, पसरतो, तारा धरतो.

एवढे कळले की स्वयंपाकघरातल्या साऱ्या जुन्या सूचनांचा अर्थ लागतो. भेंडी आधी धुवावी आणि मग चिरावी, चिरल्यावर धुऊ नये. कारण चिरल्यावर डिंकाला बाहेरचे पाणी मिळते. धुतल्यावर पुसून कोरडी करावी, त्याचेही कारण तेच. झाकण ठेवू नये, कारण शेंगेतली वाफ झाकणाला लागून पुन्हा थेंबाथेंबाने भाजीवरच पडते. मीठ शेवटी घालावे, कारण ते शेंगेतले पाणी ओढून बाहेर काढते. आणि आंबट घालावे, कारण आंबटाने डिंकाचा दाटपणा कमी होतो. चिंच, आमसूल, कैरी, लिंबू, ताक, टोमॅटो यांपैकी प्रत्येक प्रांताने आपापल्या परसातले आंबट निवडले, काम मात्र सगळ्यांचे एकच.

रसायनशास्त्राचे पुस्तक न उघडता या सूचना कुणी शोधल्या असतील, तर त्या चुलीपुढे बसणाऱ्या बायकांनीच. एखादी भाजी बिघडली, दुसऱ्या दिवशी काहीतरी बदलून पाहिले, सुधारली, आणि सुनेला सांगितले. प्रयोगशाळा याहून वेगळे काय करते?

हाच चिकटपणा एका जागी फार मोलाचा ठरतो, आणि ती जागा म्हणजे गुऱ्हाळ. काहिलीत उसाचा रस उकळू लागला, की रानभेंडीची खोडे ठेचून काढलेला चिकट रस त्यात सोडतात. तो रसातला गाळ स्वतःभोवती गोळा करतो आणि मळी होऊन वर येतो. गुळव्या ती झाऱ्याने काढून टाकतो आणि खालचा रस स्वच्छ होतो. रंग उजळण्यासाठी रसायने वापरण्याची पद्धत आली, तरी रसायनमुक्त गूळ करू पाहणारे गुऱ्हाळवाले आजही भेंडीकडेच वळतात. स्वयंपाकघरात जी तार आपण हाकलून लावतो, तिच्यावर गुळाची स्वच्छता उभी असते.

केवडा आणि क्रांती

भेंडी पिकवणाऱ्याला स्वयंपाकघरापेक्षा मोठी चिंता रानात असते. पान हिरवे असते आणि एके दिवशी त्याच्या शिरा पिवळ्या दिसू लागतात. मग सारे पान पिवळे पडते, झाड खुरटते, शेंगा पांढुरक्या आणि निबर निघतात. शेतकरी या रोगाला हळद्या किंवा केवडा म्हणतात. नाव सुवासिक असले तरी रोग जीवघेणा आहे. तो विषाणूंमुळे होतो आणि पांढरी माशी त्याला एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेते. १९२४ साली मुंबई इलाख्यातल्या पिकांच्या रोगांवर लिहिताना कुलकर्णी नावाच्या अभ्यासकांनी त्याची पहिली नोंद केली. म्हणजे हे दुखणे आपल्याच मुलखात प्रथम कागदावर आले.

त्यावर उपाय म्हणून दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत डॉ. हरभजनसिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'पुसा सावनी' हा वाण काढला. १९६० च्या सुमारास तो शेतकऱ्यांकडे आला आणि देशभर गाजला. पण काही वर्षांतच केवड्याने त्यालाही गाठले.

पुढचे पाऊल पडले ते बीडच्या शेजारच्या जिल्ह्यात. परभणीला १९७२ साली मराठवाडा कृषी विद्यापीठ सुरू झाले. १९७२ म्हणजे महाराष्ट्राच्या आठवणीतल्या सर्वांत कठीण दुष्काळाचे वर्ष. आज हे विद्यापीठ वसंतराव नाईक यांच्या नावाने ओळखले जाते. तिथे एन. डी. जांभळे आणि वाय. एस. नेरकर या संशोधकांनी भेंडीच्या एका रानटी नातेवाइकाचा आधार घेतला. या रानभेंडीला केवडा होत नाही, पण तिची फळे खाण्याजोगी नसतात. पुसा सावनीशी तिचा संकर केला, त्याच्या संततीचा पुन्हा पुसा सावनीशीच संकर केला, आणि पिढ्यान् पिढ्या निवड करत गेले. रानटी आजीची ताकद राहावी आणि तिचा खरखरीतपणा जावा, असा तो खटाटोप होता. त्यातून १९८० च्या दशकात जो वाण बाहेर पडला, त्याचे नाव 'परभणी क्रांती'. त्याची शेंग सडपातळ आणि गडद हिरवी.

मराठवाड्यात निपजलेले हे बियाणे मराठवाड्याबाहेर पार उत्तरेपर्यंत पोहोचले. त्याचा आणखी एक गुण असा, की तो सरळ वाण आहे. चार निरोगी झाडांवरच्या शेंगा वाळू दिल्या, तर पुढच्या मृगाचे बियाणे घरातच तयार होते. राखेत घोळून, मडक्यात ठेवून बायकांनी असे बियाणे सांभाळले. काळ कुणासाठी थांबत नाही. विषाणू बदलत गेले, परभणी क्रांतीची प्रतिकारशक्तीही पूर्वीसारखी राहिली नाही, आणि बाजारात कंपन्यांची संकरित बियाणी आली. ती पीक भरघोस देतात, मात्र दर वर्षी नव्याने विकत घ्यावी लागतात. व्यापारी शेतीसाठी तो हिशेब परवडतो. चार दाणे बांधाला टोचणाऱ्या बाईला मात्र मडक्यातले बियाणेच परवडते. तिच्यासाठी सरळ वाण टिकणे हा चवीपेक्षा मोठा प्रश्न आहे.

तवा, तेल आणि सबुरी

आता भाजीकडे वळू. चार माणसांसाठी अर्धा किलो भेंडी पुरते. निवडताना शेंगेचे टोक बोटाने वाकवून पाहावे. कटकन मोडले तर कोवळी, नुसतेच वाकले तर निबर. भाजीवाल्याला ही परीक्षा आवडत नाही, तेव्हा दोन-तीन शेंगांवर समाधान मानावे. करंगळीएवढ्या शेंगा सर्वांत गोड लागतात.

भेंडी आदल्या रात्री धुऊन सुती फडक्यावर पसरून ठेवली तर उत्तमच. तेवढी सवड नसेल तर धुतल्यावर एकेक शेंग फडक्याने पुसावी आणि अर्धा तास पंख्याखाली ठेवावी. हे काम कंटाळवाणे आहे खरे, पण भाजीचे निम्मे यश याच अर्ध्या तासात आहे. सुरी आणि पाटही कोरडे हवेत. देठ आणि टोक काढून बोटाच्या पेराएवढे तुकडे करावेत. फार बारीक चकत्या केल्या की जितके काप जास्त तितका डिंक जास्त.

मसाल्यासाठी अर्धी वाटी शेंगदाणे आणि एक मोठा चमचा तीळ वेगवेगळे भाजून जाडसर कुटावेत. घरात कारळ असेल तर तिळाऐवजी तेही चालते, आणि त्याचा खमंगपणा काही औरच असतो. लसणाच्या आठ-दहा पाकळ्या सालीसकट ठेचाव्यात. दोन लहान चमचे काळा मसाला, चवीप्रमाणे लाल तिखट, पाव चमचा हळद घ्यावी. सुपारीएवढी चिंच दोन चमचे गरम पाण्यात भिजवून तिचा दाट कोळ काढावा. या भाजीत बाहेरून येणारे पाणी ते एवढेच, आणि त्याच्यासोबत आंबट असल्यामुळे ते तार धरू देत नाही.

खेड्यात भाकऱ्या झाल्या की त्याच तापलेल्या तव्यावर भाजी टाकायची रीत आहे. सरपणही वाचते आणि तवा हवा तसा तापलेला असतो. गॅसवर करायची तर जाड लोखंडी तवा किंवा पसरट कढई चांगली तापवावी. खोल भांडे नको, त्यात तुकडे एकावर एक बसतात आणि वाफेत शिजतात. तीन मोठे चमचे तेल घालावे. मराठवाड्यात करडईचे तेल वापरण्याची जुनी पद्धत होती, शेंगदाण्याचेही छान लागते. मोहरी तडतडली की जिरे, मग लसूण. लसूण बदामी झाला की हळद आणि लगेच भेंडी.

यापुढे सबुरी लागते. आच मध्यमपेक्षा जरा मोठी ठेवावी, तुकडे एका थरात पसरावेत आणि तीन-चार मिनिटे हात लावू नये. सतत ढवळले की तुकडे ठेचकाळतात आणि तारा निघतात. खालची बाजू डागळली की उलथण्याने हलकेच परतावे. मधल्या टप्प्यावर थोडी तार दिसेलच. घाबरून पाणी घालू नये आणि झाकण शोधू नये. शेंगेतले पाणी उडून जाते तशी ती तार आपोआप सुकते. दहा-बारा मिनिटांत तुकडे आक्रसतात, कडा तांबूस होतात. आता काळा मसाला, तिखट आणि चिंचेचा कोळ घालावा. कोळ आधी घातला तर भेंडी लवकर मऊ पडत नाही, म्हणून तो अर्धेअधिक शिजल्यावरच. दोन मिनिटांनी मीठ, आवडत असेल तर गुळाचा लहानसा खडा, आणि सर्वांत शेवटी कूट. कूट उरलासुरला ओलावा पिऊन घेतो आणि प्रत्येक तुकड्याला चिकटून बसतो. वर कोथिंबीर.

लोखंडावर आणि चिंचेने भेंडीचा हिरवा रंग जाऊन ती काळसर दिसते. त्याने चवीला बाधा येत नाही. भाजी तव्यात मात्र ठेवू नये, लगेच दुसऱ्या भांड्यात काढावी.

चातुर्मास पाळणाऱ्या घरांतून कांदेनवमीनंतर कांदा, लसूण आणि वांगे यांना रजा मिळते. नेमके याच दिवसांत भेंडीला बहर असतो, आणि वांग्याची जागा ती आनंदाने घेते. तेव्हा लसणाऐवजी हिंग जरा जास्त घालावा. हाच मसाला थोड्या तेलात कालवून अखंड शेंगांना चीर देऊन भरला की भरली भेंडी तयार होते. ती पाहुण्यांसाठी. रस्साच हवा असेल तर भेंडी आधी अशीच तव्यावर परतून घ्यावी आणि उकळत्या आमटीत वाढायच्या जरा आधी सोडावी. मराठवाड्यात लग्नकार्याच्या आमटीला जो येसर लावतात तो घरात असेल, तर त्या आमटीत ती विशेष रुचते.

दाणे, तीळ, चिंच हे त्रिकूट हैदराबादी स्वयंपाकातही भेटते. तिथल्या सालनाची चव आणि बीडच्या या मसाल्याची चव यांत चुलत भावंडांसारखे साम्य आहे. बीड १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, हे ध्यानात घेतले की त्याचे नवल वाटत नाही. राज्ये बदलली, जिल्हा आधी मुंबई राज्यात आणि मग १९६० साली महाराष्ट्रात आला, पण स्वयंपाकघरांना सरहद्द पुसून टाकण्याची घाई नसते.

दसऱ्यानंतर

बीड जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तोही दर वर्षी पडेलच असे नाही. २०१२-१३ आणि २०१५-१६ या वर्षांत टँकरची वाट पाहण्यात दिवस गेले. २०१६ च्या उन्हाळ्यात केज तालुक्यातल्या धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले आणि त्यावर अवलंबून असलेल्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. अशा दिवसांत भाजीत पाणी न घालणे ही केवळ पाककृती राहत नाही. भाजी धुतलेले पाणी परसातल्या झाडाला जाते, आणि एकाच तव्यावर भाकरी-भाजी झाली की घासायला भांडे एक कमी होते. घागरीमागे जिला मैल चालावे लागते तिला हा हिशेब कुणी शिकवावा लागत नाही.

म्हणून टंचाईचे गोडवे गाऊ नयेत. दुष्काळाने कुणाला स्वयंपाक शिकवला नाही, त्याने फक्त हाल केले. शहाणपण त्या बायकांचे, ज्यांनी हाती उरले त्यातून खमंग काही करून दाखवले.

या भाजीच्या हंगामाला बीडमध्ये आणखी एक अर्थ आहे. पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, धारूर, वडवणी या बालाघाटाच्या डोंगराळ, मुरमाड पट्ट्यातून लाखो माणसे ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. दसरा-दिवाळी झाली की बिऱ्हाड गाडीवर चढते आणि पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जाते, ते परतते उन्हाळ्याच्या तोंडाशी. मुलांना मागे आजी-आजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहात ठेवतात, नाही तर तीही कोपीवर जातात.

फडात बाईचा दिवस पहाटेच्या अंधारात सुरू होतो. भाकऱ्या थापून, फडक्यात बांधून उजाडायच्या आत फडावर पोहोचायचे असते. बरोबर ठेचा, चटणी, फार तर डाळीचे कोरड्यास. भेंडी पुसून, वाळवून, एका थरात पसरून, हात न लावता तिच्याकडे पाहत बसण्याइतका वेळ तिथे कुणाजवळ असणार? ही भाजी सुबत्ता मागत नाही, तिला फक्त सवड हवी असते. आणि ऊसतोड करणाऱ्या बाईजवळ नेमकी तीच नसते. भेंडीचा बहर श्रावण ते दसरा, आणि घरातली सगळी माणसे एका छपराखाली असण्याचे दिवसही तेच. झाडावरची शेवटची शेंग निबर होते तेव्हा निघायची तयारी सुरू झालेली असते. ज्या हातांनी बियाण्यासाठी शेंगा वाळत घातल्या, तेच हात पुढचे पाच महिने ऊस तोडतात. साखरेच्या डब्यात हात घालताना एवढी आठवण ठेवायला हरकत नाही.

शहरातल्या घरात पाणी नळाला येते आणि भेंडी बाराही महिने मिळते. तिथे सवड नाही अशी तक्रार असते, आणि ती बहुधा एकाच माणसाची असते. भेंडी धुणे, पुसणे, चिरणे ही कामे घरातल्या कुणालाही जमण्यासारखी आहेत. "बुळबुळीत आहे" म्हणणाऱ्या पक्षावर ती सोपवली तर फारच उत्तम. आज रविवार आहे. धुतलेली भेंडी आताच फडक्यावर पसरून ठेवली, तर हे पान वाचून होईतो ती कोरडी झालेली असेल.